नागोरावांनी ऐकलेली कादंबरी

लोक वर्ध्याला येतात ते सेवाग्राम पाहायला. मी वर्ध्याच्या फलाटावर उतरले आणि नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहत बसले, तेव्हा मी सिंदीला निघाले आहे हे कळल्यावर बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलंच, "सिंदीले कोन हाय तुमचं?"

नात्याचं कुणीच नव्हतं. मी म्हणाले, "आम्ही एकाच लेखिकेची पुस्तकं वाचतो."

बाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग आपलं गाठोडं सोडलं आणि अर्धी भाकर, वर तिळाची चटणी, माझ्या हातावर ठेवली. एवढ्या लांब असल्या कारणासाठी आलेल्या बाईला निदान उपाशी तरी ठेवू नये, असं त्यांना वाटलं असावं.

विट्याला माझ्या घरीही कुणाला हे कारण पटलं नव्हतं. मी पंचायत समितीत कारकून, लग्न केलेलं नाही, भावाच्या कुटुंबात राहते. वहिनी म्हणाली, "पुस्तक तर इथं बसूनपण वाचता येतंय की." तिचं खरं होतं. पण मला पुस्तक वाचायचं नव्हतं, एका माणसाचा आवाज ऐकायचा होता.

आमच्या लेखिका म्हणजे अनसूयाबाई वैरागडे. त्यांच्या कादंबऱ्या वर्ध्याकडच्या खेड्यांतल्या, आणि त्यांतली माणसं बोलतात तिकडच्याच बोलीत. काही वर्षांपूर्वी सांगलीला त्यांचं भाषण होतं. तुम्ही लिहिता कशा, असं कुणी तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "सिंदीजवळ नागोराव म्हणून एक शेतकरी आहेत. ते माझी पुस्तकं गावाला मोठ्यानं वाचून दाखवतात. मी वाक्य लिहिलं की मनातल्या मनात ते नागोरावांच्या तोंडी घालून पाहते. तिथं अडलं की खोडते." भाषण संपल्यावर मी नागोरावांचा पत्ता मागून घेतला आणि त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं. तेव्हापासून आमची कार्डं सुरू झाली. तुम्हाला कुठला भाग आवडला, मला कुठला, तो का, एवढंच त्यांत असायचं. घरच्या गोष्टी दोघांनीही कधी लिहिल्या नाहीत.

त्यांचं वाचन कसं सुरू झालं, तेही त्यांनीच कळवलं होतं. कापसाची सरकारी खरेदी सुरू झाली, तेव्हा सिंदीला बंड्यांच्या रांगा लागायच्या. बंडी म्हणजे बैलगाडी. माप होईपर्यंत माणसं दिवसचे दिवस बंडीखालीच राहायची. अशाच एका रांगेत नागोरावांनी सोबत आणलेली कादंबरी काढली आणि कापसावर बसून वाचायला घेतली. पुढच्या बंडीवाला म्हणाला, मोठ्यानं वाचा. मापाचा नंबर आला तेव्हा गोष्ट अर्धीच झाली होती. मग लोक पुढची गोष्ट ऐकायला त्यांच्या घरी येऊ लागले, ते येतच राहिले.

आणि गेल्या हिवाळ्यात त्यांचं कार्ड आलं. "घशात गाठ निघाली. नागपूरले ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणते जीव वाचन, आवाज नाई वाचनार. जायच्या आंधी एकदा सारे बसू. तुम्ही येजा."

मी रजा टाकली.

सिंदी

सिंदीच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या असतात. बंड्या जाताना काट्यांना कापूस अडकतो, तो तसाच राहतो. आमच्याकडे उसाच्या मोसमात रस्त्यावर पाचट पडतं तसं इथं हे. पण पाचट पायाखाली येतं आणि हा कापूस डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे सगळा रस्ता कसा सणाचा वाटतो.

नागोराव स्टेशनवर बंडी घेऊन आले होते. उंच, वाकलेले, धोतर, आणि गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला दुपट्टा. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "या ताई."

एवढे दोनच शब्द. कोरड्या कडब्यावरून कुणी पाय घासत चालावं तसा तो आवाज होता. इतकी वर्षं त्यांची कार्डं वाचताना मी त्यांना एक भरदार आवाज देऊन ठेवला होता. अनसूयाबाईंनी ज्याच्यावर वाक्यं तोलली तो आवाज केव्हाच निघून गेला होता. मी उशिरा पोहोचले होते.

ते बहुधा त्यांनाही कळलं. वाटेत एका शेतापाशी त्यांनी बंडी थांबवली आणि बोटानं दाखवलं, "हा पाहा. हा धुरा."

मी खाली उतरले. 'धुऱ्यावरची बाई' ही अनसूयाबाईंची पहिली कादंबरी. नवरा खाणीवर कामाला गेल्यावर एकटीनं शेती करणाऱ्या सगुणेची. धुरा म्हणजे बांध हे मला ठाऊक होतं, पण मी वाचताना डोळ्यांसमोर आमच्याकडचा बांध आणला होता, दगड रचलेला, वरून दोन माणसं चालतील असा. हा तर वाळल्या गवताची एक पट्टी होता. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि मध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढी जागा. मला पाठ असलेल्या ओळी अशा होत्या: "सगुणा उभी राहिली. तिच्या मागं वावर होतं, पुढं वावर होतं, आणि मधल्या एवढ्याशा धुऱ्यावर तिचे दोन पाय मावत होते. तेवढी जागा कोणाची नव्हती." मी त्या पट्टीवर पाय जुळवून उभी राहिले. खरोखरच दुसरं कुणी उभं राहू शकलं नसतं.

घरी त्यांच्या पत्नीनं, कौसल्याबाईंनी, पाय धुवायला गरम पाणी दिलं. ठेंगणी, सावळी बाई, चालताना काही तरी राहून गेल्यासारखी घाईत. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी आणि जवसाची चटणी होती. दाण्यांच्या भाजीला इथं सोलेभाजी म्हणतात. तिखट असं की मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं. कौसल्याबाई घाबरल्या, मग हसल्या आणि माझ्या ताटात दही वाढलं. सबंध संध्याकाळ नागोरावांना भेटायला माणसं येत होती, आणि त्या चुलीपाशी चहा करत होत्या. शेजारच्या वाडीतली सुमित्रा आली ती वांग्यांची पाटी घेऊनच. तिची भाजीपाल्याची वाडी होती, बाजारच्या दिवशी सिंदीला ती स्वतः विकायला बसे. "तुमीच का त्या विट्याच्या ताई? काकाजी तुमचं कार्ड आमाले वाचून दाखवत," ती म्हणाली. म्हणजे माझी पत्रंही त्या अंगणात मोठ्यानं वाचली गेली होती. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

गिरड

बैठक दोन दिवसांनी होती. मधल्या दिवशी कौसल्याबाईंना गिरडला जायचं होतं. तिथं टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. नवऱ्यासाठी नवस बोलायचा होता. नागोरावांना डॉक्टरांनी धुळीत फिरू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी सोबत गेले.

गाडी बदलत बदलत जावं लागतं. टेकडी फार उंच नाही, पण कौसल्याबाईंनी नारळ, ऊद, खोबरं, सगळं एका पिशवीत घेतलं होतं आणि पिशवी मला धरू देईनात. चढताना वाटेत गोल गोल लहान दगड दिसतात, जायफळाएवढे. एका व्यापाऱ्याचा माल बाबांच्या शब्दानं दगड झाला, त्याचे हे, असं सांगतात. मी एक उचलून पाहिला आणि परत होता तिथंच ठेवला. वर हिंदू बायकाच जास्त होत्या. आमच्याकडेही दर्ग्याला हिंदू जातात, पण इथं कुंकू लावलेल्या बायका आपल्या घरच्या देवापुढे बसाव्या तशा सैलपणे, पाय पसरून बसल्या होत्या.

कौसल्याबाईंनी डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. नंतर आम्ही बाहेर एका झाडाखाली बसलो. खाली शेतंच शेतं दिसत होती. मी विचारलं, "काय मागितलंत?"

"आवाज नाई मागितला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"जीव मागितला. आवाज काऊन मागू? माह्या वाटेले आवाज आला कवा? गावाले वाचून दाखवे, मापाच्या रांगेत वाचे, कारंज्यावरून लोकं येत. घरात बोललाच नाई तो मानूस. जेवाले वाढ, बैल सोड, दोन शब्द. बाकी सारा आवाज भायेर." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा मोडला आणि अर्धा मला दिला. "आता आवाज जाईन तं गावाचा जाईन. माहं काय जाते?"

हे त्या अगदी शांतपणे बोलल्या. मग खोबरं तोंडात घातलं आणि चावता चावताच रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ज्या आवाजासाठी मी रजा काढून आले होते त्याच्याविषयी एवढं दुःख कुणाच्या मनात असेल, हे मला कार्डांवरून कसं कळणार होतं?

उतरताना त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिथं कोनाले सांगू नका. त्यायले वाईट वाटन."

मी सांगितलं नाही. त्यांच्या संमतीनंच आता लिहिते आहे.

बैठक

कारंज्याहून बाबाराव आले ते संत्र्यांची पेटी आणि टेपरेकॉर्डर घेऊन. त्यांचा नागपूर-अमरावती रस्त्यावर ढाबा आहे. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मिसळली आहे की कुठली कुठं सुरू होते ते कळत नाही. गल्ल्यावर बसून त्यांनी अनसूयाबाईंची सगळी पुस्तकं वाचली होती, आणि महिन्यातून एकदा वाचन ऐकायला ते एवढ्या लांब येत.

दुपारची जेवणं झाल्यावर अंगणात सतरंज्या पडल्या. पंधरा-वीस माणसं असतील. बाबारावांनी टेपरेकॉर्डर बाजेवर मांडला, नवी कॅसेट घातली. "भाऊ, जादा नाई, एक घंटा वाचा. मी भरून घेतो. मंग जब मर्जी ऐका."

नागोराव टेपरेकॉर्डरकडे बघत राहिले. "हे काय भरता त्याच्यात? हा माहा आवाज नाई, बाबाराव. तो दिवाळीच्या आंधीच गेला. हा त्याचा भुसा हाय."

"भाऊ, भुसा तं भुसा. आमाले चालते."

"मले नाई चालत." त्यांना खोकला आला. पाणी पिऊन ते म्हणाले, "आज मी वाचत नाई. इतके वर्स मी वाचलं, तुम्ही ऐकलं. मले कोनी वाचून दाखवलं नाई. आज तुम्ही वाचा. ज्याले जे आवडते ते. मले ऐकू द्या."

सगळे त्यांचा आवाज शेवटचा ऐकायला आले होते. मी तर सगळा महाराष्ट्र ओलांडून. पण त्या माणसाला नाही कोण म्हणणार?

आधी बाबाराव उठले. त्यांनी अनसूयाबाईंच्या 'मुक्कामाची गाडी' या कादंबरीतला भाग वाचला. शेवटची बस चुकलेला एक शिक्षक रस्त्याकडेच्या खानावळीत जेवतो, तो. "त्याने तिसरी भाकर मागितली, आणि मागताना इकडे-तिकडे पाहिलं. गाडी चुकलेल्या माणसाला आपण कोणाला तरी दिसावं असंही वाटतं आणि दिसू नये असंही." बाबाराव थांबले. "ये सच है," ते म्हणाले. "मी रोज पाहतो. मी तिसरी भाकर न मागता ताटात टाकतो. ह्या पुस्तकापासून टाकतो."

सुमित्रा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं पुस्तक मांडीवर ठेवून ओळीवर बोट धरलं आणि एकेक शब्द सुटा सुटा वाचला. "पहिल्या बाजाराले सगुणा खाली पाहून भाव सांगत होती. आज तिनं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून सांगितला. वांगी तीच होती." वाचून झाल्यावर ती नागोरावांकडे न बघता म्हणाली, "काकाजी, हे तुम्ही पह्यल्यांदा वाचलं न, त्याच्या दुसऱ्या बाजारी मी तसंच केलं होतं. सांगितलं नवतं कोनाले."

नागोराव डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ किंचित हलत होते.

मग माझी पाळी. मी धुऱ्यावरचा भाग काढला. त्यात सगुणा शेजारच्या शेतकऱ्याला म्हणते, "मले नाई पाहिजे तुमचं पानी." मी हे मनातल्या मनात शेकडो वेळा म्हटलेलं होतं. पण माझ्या तोंडून ते विट्याच्या सुरात निघालं, 'नाई'वर हेल काढून, आणि मागच्या बायकांत खसखस पिकली. मी थांबले. माझे कान तापले.

"वाचा ताई, वाचा," नागोराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू होतं. "सगुणा तुमच्याकडं आली तं पाव्हनी वाटते. पन चांगली वाटते."

मी वाचून संपवलं तेव्हा कौसल्याबाई चहाचं ताट घेऊन बाहेर आल्या. नागोरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू बी सांग. तुले कोनता भाग आवडते? ताई वाचून दाखवतीन."

"मले काय माईत?"

"काऊन? इथंच तं वाचतो आपुन, इतके वर्स."

"तुम्ही अंगनात वाचता. मी चुलीपाशी असते." कौसल्याबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्या कपबश्या वाटत होत्या. "एवढ्या मानसायचा चहा होते तवर तुमचं वाचून होते. मंग लोकं जाता जाता म्हनतेत, आज काय वाचलं नागोरावनं! मी कपबश्या घासत बसते. ते सगुना नाव तेवढं ऐकू येते घडीघडी. कोन होती ते नाई माईत मले."

कुणी कप तोंडाला लावला नाही. एवढ्या वर्षांत त्या अंगणातल्या एकाही माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं, आणि प्रत्येक जण त्यांच्या हातचा चहा प्यालेला होता.

नागोराव उठले. माझ्या हातातून पुस्तक घेतलं. "बस," ते म्हणाले.

"चहा थंडा होऊन राह्यला."

"होऊ दे. तू बस इथं."

त्यांनी बाजेवरचा टेपरेकॉर्डर स्वतःच्या हातानं उचलून खाली ठेवला आणि तिथं कौसल्याबाईंना बसवलं. स्वतः समोर जमिनीवर बसले. पहिलं पान काढलं. बाबारावांनी हळूच बटणाकडे हात नेला होता, तो मागे घेतला.

तेवढ्यात दारातून आणखी चार-पाच माणसं आत आली, शेजारच्या गावाची. कौसल्याबाई सवयीनं उठू लागल्या. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं, आणि सुमित्रा अन् मी आत गेलो.

त्यामुळे नागोरावांचं वाचन मी स्वयंपाकघरातून ऐकलं. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या होत्या. त्या तडतड वाजतात. धूर डोळ्यांत जात होता, सुमित्रा साखरेचा डबा शोधत होती, आणि भिंतीपलीकडून तो फाटका, खरखरीत आवाज येत होता. "सगुणा" ऐकू यायचं, मग काड्यांची तडतड, मग "वावरात", मग काहीच नाही. आधण उकळू लागल्यावर तेवढंही ऐकू येईना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? ज्यासाठी आले ते पलीकडे चाललं होतं आणि मी चहा गाळत होते. सुमित्रानं माझ्याकडे पाहिलं. "जा न ताई तुमी भायेर," ती म्हणाली. मी गेले नाही.

आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा पहिलं प्रकरण संपत आलं होतं. आता आवाज नव्हताच, नुसता श्वास शब्दांचा आकार घेत होता, आणि फक्त बाजेपर्यंत पोहोचत होता. बाकी कुणाला ऐकू येत नव्हतं तरी कुणी हललं नाही. शेवटची ओळ झाली. नागोरावांनी पुस्तक मिटलं.

कौसल्याबाई पुढे झुकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग?"

नागोरावांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

नागपूर

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं नागपूरला गेलो. बाबाराव थेट दवाखान्यात आले. मला दोन दिवस थांबता आलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. गळ्याला पुढून एक भोक पाडलेलं होतं आणि ते त्यातून श्वास घेत होते. मी आत गेले तेव्हा त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

कौसल्याबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या. पिशवीत ते पुस्तक होतं, येताना त्यांनीच घेतलं होतं. मी म्हणाले, "माझी गाडी संध्याकाळी आहे. तोवर पुढचं वाचून दाखवू का?"

त्यांनी पिशवी जवळ ओढली. "नाई ताई. सुरू त्यायनं केलं. पुढचं बी त्यायच्याकडूनच."

"पण आता ते कसं..."

"माईत हाय," त्या म्हणाल्या. "तरी."

पुढचा हिवाळा

विट्याला आल्यावर मी कार्डं पाठवत राहिले. उत्तरं यायची, पण लहान. यंदा कापूस निघाल्यावर मी पुन्हा सिंदीला गेले. या वेळी बंडी सुमित्रानं आणली होती. वाचन बंद पडलेलं नाही. आता सुमित्राच वाचते, अजूनही बोट धरून, पण अडखळत नाही. चहा पाळीपाळीनं पुरुष करतात. तो फार वाईट होतो, असं तिनं वाटेत सांगितलं.

पहिले काही महिने कठीण गेले होते. नागोराव पाटीवर लिहायचे, आणि कौसल्याबाईंना अक्षर येत नव्हतं. खुणांनी भागलं नाही की त्या पाटी घेऊन सुमित्राच्या वाडीत पळायच्या. सुमित्रा वांग्यांच्या वाफ्यात उभी राहून वाचायची, "बैलाले पानी दाखव." एकदा वाटेत अवकाळी पाऊस आला आणि पाटी कोरी झाली. कौसल्याबाई घरी परतल्या, पाटी नवऱ्यापुढे टाकली, आणि दोघंही दिवसभर एकमेकांशी काही बोलले नाहीत. म्हणजे खुणासुद्धा केल्या नाहीत, असं सुमित्रा म्हणाली आणि हसली. मग एकदम गंभीर झाली. "काकू त्या दिवशी माह्याकडं येऊन रडली. म्हने, आता तं दोन शब्द बी नाई राह्यले."

त्यानंतर कौसल्याबाई शिकू लागल्या. शाळा नाही, वर्ग नाही. ते लिहीत, सुमित्रा एकदा वाचून दाखवी, मग त्या दिवसभर ती पाटी पुसू देत नसत. पहिलं वाक्य त्यांनी स्वतःचं स्वतः वाचलं ते "भाजीत मीठ नाई." ते मला सांगताना त्यांना अजूनही राग येत होता. "इतकी मेहनत केली, अन् वाचलं काय तं हे!"

मी त्यांच्यापुढे छापील पुस्तक धरलं. त्यांनी मान हलवली. "हे नाई येत. हे सारं एकसारखं दिसते, मुंग्यायवानी. ह्यायचं अक्षर समजते मले." नवऱ्याच्या हातचं तेवढं त्यांना वाचता येतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

दुपारी वामकुक्षीच्या वेळी गाव शांत असतं. मी आतल्या खोलीत पडले होते. अंगणातून कौसल्याबाईंचा आवाज आला, एकेक शब्द ठेवत जाणारा. मी दारात जाऊन उभी राहिले.

नागोराव बाजेवर बसले होते, गळ्यावर पांढरं पातळ फडकं. मांडीवर उघडं पुस्तक, हातात पाटी. ते पुस्तकातली एक ओळ पाटीवर उतरवत आणि पाटी बायकोपुढे करत. त्या बोट ठेवून ती मोठ्यानं वाचत. मग ते ओल्या फडक्यानं पाटी पुसत आणि पुढची ओळ लिहीत. कळलं ते असं की हे पावसाळ्यापासून रोज चालू आहे, आणि चौथं प्रकरण सुरू झालं आहे.

"खानी... वरून... एक मानूस... आला," कौसल्याबाईंनी वाचलं. "त्यानं... चपला... काढल्या नाई."

नागोरावांनी पाटी पुसली. पेन्सिल हातात धरून ते पुस्तकाकडे पाहत राहिले. लिहीनात. पुढची ओळ मला पाठ होती. सगुणेचा नवरा खाणीत दबून गेल्याचा निरोप त्या ओळीत आहे.

"काऊन थांबले?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली. कौसल्याबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या कोऱ्या पाटीकडे.

"गेला न तो?" त्या म्हणाल्या.

नागोरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

"समजलं मले. चपला नाई काढल्या तवाच समजलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बाजेच्या आणखी जवळ सरकल्या आणि बोट पाटीवर, जिथून ओळ सुरू होते तिथं, नेऊन ठेवलं. "तरी लिहा तुम्ही. मी वाचते."

नागोराव लिहू लागले.